सीरियावर बॉम्ब टाकायचे की नाही? उद्या इथे मतदान

सातासमुद्रापार | १ डिसेंबर २०१५, रात्री ११:४०

मंडळी, धागा काढायला जरा उशीरच झाला, पण आज ऑफिसात, ट्रेनमध्ये, अगदी लंडनमधल्या हॅरोच्या भाजीवाल्याकडेही हाच विषय होता, म्हणून म्हटलं इथेही काडी टाकावी.

उद्या बुधवारी ब्रिटनच्या संसदेत एकच प्रश्न आहे. अमेरिका आणि फ्रान्स सीरियात इसिसवर जे हवाई हल्ले करत आहेत, त्यात ब्रिटिश विमानांनी उतरायचं का? इराकमध्ये ती सप्टेंबर २०१४ पासून बॉम्ब टाकतच आहेत. तेव्हाचं मतदान ५२४ विरुद्ध ४३ असं एकतर्फी झालं, कारण इराक सरकारने स्वतः बोलावलं होतं. सीरियात कुणी बोलावलेलं नाही, त्यामुळे विमानं सीमेपर्यंत जातात आणि वळतात. पंतप्रधान कॅमेरून यांचं म्हणणं असं की वाळवंटातली ती रेघ इसिस मानत नाही, मग आपणच का मानायची?

गंमत बघा. याच कॅमेरूननी ऑगस्ट २०१३ मध्ये याच सभागृहाकडे सीरियावर बॉम्ब टाकायची परवानगी मागितली होती. तेव्हा ते टाकायचे होते सीरियाचे अध्यक्ष असद यांच्यावर. २८५ विरुद्ध २७२ असे हरले. आता दोन वर्षांनी टाकायचेत असदच्या शत्रूवर. मधल्या काळात पॅरिसवर इसिसचा हल्ला झाला, १३ नोव्हेंबरला १३० माणसं गेली, आणि त्यानंतर आठवडाभरात सुरक्षा परिषदेचा २२४९ क्रमांकाचा ठराव एकमताने आला.

माझं मत विचाराल तर विरोधात, पण पक्कं नाही. भारतीय पासपोर्टवर असलो तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मला इथे मताचा हक्क आहे आणि मे महिन्यात तो पहिल्यांदा बजावला. म्हणून परवा आमच्या खासदारांना ईमेल लिहिलं. "आपला संदेश मिळाला" अशी आपोआप येणारी पोचपावती आली, तेवढंच.

तुमचं काय मत?

इराणी_मस्का | १ डिसेंबर २०१५, रात्री ११:५२

पहिला! वाचतोय. चहा टाकलाय.

चिंचपोकळी_लोकल | २ डिसेंबर २०१५, सकाळी ७:१०

विचारायचं काय त्यात? टाका.

२६/११ च्या रात्री मी सीएसटीहून नऊ वाजताची गाडी पकडून निघालो होतो. एक गाडी उशिरा गेलो असतो तर हा प्रतिसाद लिहायला नसतो. १६६ माणसं गेली आणि आपण काय केलं? फायली पाठवल्या. फ्रान्सने दोन दिवसांत सीरियातल्या रक्कावर, इसिसच्या राजधानीवर, विमानं पाठवली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कुठल्या तरी सरकारबद्दल बरं वाटलं.

उगीचच | २ डिसेंबर २०१५, सकाळी ७:३५

@चिंचपोकळी, बरं वाटणं हे युद्धाचं कारण होऊ शकतं का? उगीचच विचारतोय.

चिंचपोकळी_लोकल | २ डिसेंबर २०१५, सकाळी ७:४१

सीएसटीच्या फलाटावर रक्त पुसताना पाहिलं असतंस तर उगीचच विचारलं नसतंस.

लेस्टरची_माई | २ डिसेंबर २०१५, सकाळी ८:२०

अरे भांडू नका रे सकाळी सकाळी.

मी इथे आले १९७८ साली. २००३ च्या फेब्रुवारीत, गुडघे धड होते तेव्हा, इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चाला लंडनला गेले होते. कोचमध्ये आम्ही तीन मराठी बाया, बाकी सगळे इथले. थंडी अशी की फ्लास्कमधला चहा ओतेस्तोवर गार. लाखो माणसं होती. महिन्याने तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांनी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्ध मंजूर करून घेतलं. पंचेचाळीस मिनिटांत मारा करू शकणारी शस्त्रं आहेत म्हणाले होते. सापडलं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता हे म्हणतात, सीरियात सत्तर हजार मवाळ लढवय्ये आहेत, आपण वरून बॉम्ब टाकू, ते खालून जमीन घेतील. माझा प्रश्न साधा आहे. हे सत्तर हजार राहतात कुठे, ऐकतात कुणाचं, आणि त्यांना इसिसशी लढायचंय की असदशी?

पंचेचाळीस मिनिटं ऐकलेल्या कानांना सत्तर हजार हा आकडाही तसाच वाजतो.

सातासमुद्रापार | २ डिसेंबर २०१५, सकाळी ८:३२

माई, अगदी नेमकं. आणि काल रात्री कॅमेरून आपल्याच खासदारांना म्हणाले म्हणे की मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन आणि दहशतवाद्यांच्या सहानुभूतीदारांच्या टोळक्याबरोबर मतदान करू नका. म्हणजे तुम्ही आणि मी त्या टोळक्यात.

इराणी_मस्का | २ डिसेंबर २०१५, सकाळी ८:३६

माई टोळीप्रमुख 🙂

लोहगावकर | २ डिसेंबर २०१५, सकाळी १०:०५

मी भारतीय हवाई दलातून निवृत्त, आर्मामेंट फिटर. म्हणजे विमानाच्या पोटाखाली जे लटकतं ते लटकवणारा. उडवणारा नव्हे, त्यामुळे रणनीतीवर माझं मत चहाच्या टपरीइतकंच किमती समजा. पण एका गोष्टीवर बोलतो.

ब्रिटिश सरकार सध्या ब्रिमस्टोन नावाच्या क्षेपणास्त्राचं फार कौतुक करतंय. चांगलंच आहे ते. टॉर्नेडो विमानावर बसतं, मुळात रणगाडे फोडायला केलेलं, स्फोटकं थोडीच, त्यामुळे चालत्या गाडीवर मारलं तर गाडीच जाते, शेजारचं घर सहसा राहतं. एकाची किंमत लाख पौंडांच्या वर. अमेरिकनांकडेही असं नाही, म्हणून आम्ही हवेत, असा युक्तिवाद चाललाय.

आता मुद्दा. नेम अचूक असणं आणि निशाणा बरोबर असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लेसर ज्या ठिपक्यावर धरलाय त्या ठिपक्यावर वस्तू जाईल, याची हमी आमच्यासारखा माणूस देतो. त्या ठिपक्याखाली कोण बसलंय, याची हमी जमिनीवरचा माणूस देतो. तो माणूस तुमचा नसेल, किंवा त्याचं गावात कुणाशी जुनं वैर असेल, तर तुम्ही अगदी अचूकपणे चुकीच्या घरावर बॉम्ब टाकता. ब्रिटनच्या ठरावात तर स्पष्ट लिहिलंय की जमिनीवर लढायला सैन्य जाणार नाही. मग सांगणार कोण?

अबोली_दुपार | २ डिसेंबर २०१५, सकाळी १०:१८

काका, "अचूकपणे चुकीच्या घरावर"... हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

कल्याण_जंक्शन | २ डिसेंबर २०१५, दुपारी १२:५०

एक वेगळी बाजू. विरोधातले सगळे म्हणताहेत की बॉम्ब टाकल्याने आणखी अतिरेकी तयार होतात. आमच्या कल्याणातून चार पोरं मे २०१४ मध्ये इराकला गेली. यात्रेकरूंच्या जथ्यात बसून गेली, आणि घरच्यांना नंतर कळलं. शिकलेली पोरं. तेव्हा इसिसवर अमेरिकेचा एकही बॉम्ब पडला नव्हता. हल्ले सुरू झाले ऑगस्टमध्ये. त्याच ऑगस्टमध्ये सिंजारच्या डोंगरावर यझिदी या अल्पसंख्य पंथाच्या बायकापोरांचं काय झालं तेही बघा. त्यांच्यावर कुणी बॉम्बहल्ल्याचा सूड घेत नव्हतं.

आणि सीरियातलं कुर्दांचं कोबानी? गाव जवळजवळ गेलंच होतं. जमिनीवर कुर्द लढले, वरून अमेरिकेने हल्ले केले, जानेवारीत इसिस हटली. म्हणजे जमिनीवर कुणी असेल तर हवाई हल्ल्याने काम होतं. आधी गल्लीत पत्रकारांच्या गाड्या, मग एटीएसच्या, असे महिने काढल्यावर "मुळाशी जाऊन कारणं शोधा" हे ऐकायला जड जातं.

लोहगावकर | २ डिसेंबर २०१५, दुपारी १:१५

@कल्याण_जंक्शन, कोबानीबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच विचारतोय. कुर्दांना त्यांचा मुलूख हवाय. रक्का अरबांचं शहर. ते त्यासाठी किती मरतील आणि मेले तर बदल्यात काय मागतील? तुर्कस्तान ते देऊ देईल? कॅमेरूनच्या सत्तर हजारांत तर कुर्द धरलेलेच नाहीत.

म्युनिककर_वहिनी | २ डिसेंबर २०१५, दुपारी ३:२०

इथे जर्मनीतही परवा शुक्रवारी मतदान आहे, पण फरक लक्षात घ्या. जर्मनीची टॉर्नेडो विमानं फक्त फोटो काढणार, बॉम्ब टाकणार नाहीत. एक युद्धनौका फ्रेंच विमानवाहू जहाजाच्या सोबतीला, आणि जास्तीत जास्त १,२०० सैनिक. आणि हे सगळं संसदेने हो म्हटल्याशिवाय जाऊ शकत नाही, तसा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही ना? मी वाचलं की पंतप्रधान न विचारताही पाठवू शकतात.

सातासमुद्रापार | २ डिसेंबर २०१५, दुपारी ३:४४

बरोबर वहिनी. हा राणीच्या नावाने चालणारा विशेषाधिकार आहे, तो प्रत्यक्षात वापरतात पंतप्रधान. २००३ ला ब्लेअरनी मत घेतलं, लिबियाला २०११ मध्ये घेतलं (५५७ विरुद्ध १३, आणि आज लिबियाचं काय झालंय), २०१३ ला घेतलं आणि हरले. तेव्हापासून सगळे म्हणतात की आता प्रथा पडली. पण प्रथा म्हणजे आपल्याकडे पंगतीत वाढायची पद्धत असते तशी. मोडली तर पोलीस येत नाहीत.

उगीचच | २ डिसेंबर २०१५, दुपारी ३:५०

आपल्याकडे २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी एक आख्खी डिव्हिजन मागितली होती, सतरा हजारांच्या आसपास जवान. मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने जुलैत नाही म्हटलं, संयुक्त राष्ट्रांचा आदेश नाही म्हणून. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेत ठराव झाला. हिंदीत "निंदा", इंग्रजीत जरा मऊ शब्द. सगळे खूश. याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

लोहगावकर | २ डिसेंबर २०१५, दुपारी ४:३०

ती अक्कल आपल्याला फुकट आलेली नाही हो. मी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. १९८७ च्या जुलैअखेर गेलो तेव्हा जाफन्यात लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात त्याच गावांतून गोळ्या यायला लागल्या. ज्या तमिळ वाघांत आणि सरकारात समेट घडवायला गेलो त्यांच्याशीच लढलो, आणि शेवटी तर कोलंबोचं सरकार त्यांनाच शस्त्रं देतंय आणि आम्हाला जा म्हणतंय. सुमारे बाराशे जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत.

दुसऱ्याच्या घरच्या भांडणात शिरताना दाराची उंची बघावी, असं आमचे वॉरंट ऑफिसर म्हणायचे. आत जाताना वाकावं लागलं तर बाहेर पडताना डोकं आपटणार.

चिंचपोकळी_लोकल | २ डिसेंबर २०१५, संध्याकाळी ५:०५

काका, तुमचा आदर आहे. पण मग काहीच करायचं नाही का? पॅरिसमधल्या त्या नाट्यगृहात नव्वद पोरं गाणी ऐकायला गेली होती. फ्रान्स मित्र आहे, मित्राने मदत मागितली आहे. मित्र मदत मागतो तेव्हा आपण दाराची उंची मोजत बसायचं?

लेस्टरची_माई | २ डिसेंबर २०१५, संध्याकाळी ५:४०

मित्राला मदत अनेक प्रकारची करता येते. त्यांचे पैसे कुठून येतात ते तोडा, तेल कोण विकत घेतो ते बघा, शस्त्रं कुठून जातात ते बघा. त्यावर सभागृहात किती वेळ बोलले? मी सकाळपासून टीव्ही लावून बसले आहे, मध्ये फक्त कुकर लावायला उठले.

आणि आमच्या गल्लीची गोष्ट सांगते. शेजारची गुजराती मुसलमान बेन, तीस वर्षांची ओळख, दिवाळीला फराळाचं ताट तिच्याकडे जातं आणि ईदेला शेवया इकडे येतात. पॅरिसनंतर तिच्या मुलाने दाढी काढली. बसमध्ये कुणी काही बोललं म्हणून. तो फार्मसिस्ट आहे. ती काल मला म्हणाली, मत काहीही होवो, बसमध्ये आम्हीच बसणार आहोत.

अबोली_दुपार | २ डिसेंबर २०१५, संध्याकाळी ६:०२

🙏

सातासमुद्रापार | २ डिसेंबर २०१५, रात्री ११:०५

निकाल: बाजूने ३९७, विरोधात २२३. मजूर पक्षाच्या ६६ खासदारांनी सरकारच्या बाजूने मत दिलं. कॉर्बिननी पक्षादेश काढलाच नव्हता, ज्याने त्याने मनाप्रमाणे मत द्या म्हटलं होतं. हुजूर पक्षाचे सात जण विरोधात. स्कॉटिश राष्ट्रवादी सगळे विरोधात.

साडेदहा तास चर्चा चालली. संरक्षण समितीचे अध्यक्ष ज्युलियन लुईस, हुजूर पक्षाचेच आणि लष्कराच्या बाजूचे, त्यांनी त्या सत्तर हजारांची चिरफाड केली. पण रात्र गाजवली हिलरी बेन यांनी. (नाव हिलरी, पण बाप्या आहे. आईने फोनवर दोनदा विचारलं.) मजूर पक्षाचे परराष्ट्र प्रवक्ते, वडील टोनी बेन आयुष्यभर युद्धविरोधी, आणि मुलगा आपल्याच नेत्याच्या शेजारी उभा राहून सरकारच्या बाजूने बोलला. हे लोक फॅसिस्ट आहेत, फॅसिस्टांना हरवावं लागतं, आपल्याच पक्षाची माणसं स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोविरुद्ध लढायला गेली होती, असा सूर. सभागृहात टाळ्या वाजवायची रीत नाही, तरी वाजल्या. मागे कॉर्बिन बसलेले, हात बांधून.

खरं सांगतो, पंधरा मिनिटं मीही हललो. मग उठून पाणी प्यालो आणि लक्षात आलं की जमिनीवर कोण लढणार याचं उत्तर त्या भाषणातही नव्हतं.

आमच्या खासदारांनी बाजूने मत दिलं.

लोहगावकर | ३ डिसेंबर २०१५, सकाळी ९:२५

मतदानानंतर तासाभरात सायप्रसच्या अक्रोटिरी या ब्रिटिश तळावरून चार टॉर्नेडो उडाले. पूर्व सीरियातल्या ओमर तेलक्षेत्रावर सहा निशाणे. म्हणजे विमानं आधीच भरून उभी होती. साहजिक आहे, मीही भरून ठेवली असती.

फक्त एक नोंद. टाकले ते पेव्हवे नावाचे मार्गदर्शित बॉम्ब. ब्रिमस्टोन नव्हे. ज्याची दोन आठवडे जाहिरात केली ते पहिल्या रात्री वापरलंच नाही. तेलाच्या पंपावर ब्रिमस्टोन म्हणजे नारळ फोडायला अडकित्ता, त्यामुळे चूक काहीच नाही. पण भाषणात सांगितलेलं युद्ध आणि ट्रॉलीवर चढवलेलं युद्ध यांच्यात पहिल्याच रात्री एवढं अंतर. आणि त्याच तेलक्षेत्रावर ऑक्टोबरात अमेरिकन पक्षाने हल्ले केलेत.

लोहगावकर | ३ डिसेंबर २०१५, सकाळी ९:२७

*पक्षाने नव्हे, आघाडीने. फोनवर टाइप करतोय.

इराणी_मस्का | ३ डिसेंबर २०१५, सकाळी ९:४०

अमेरिकन पक्षी म्हणा काका, तेही चालेल.

म्युनिककर_वहिनी | ४ डिसेंबर २०१५, संध्याकाळी ४:१०

इकडचा निकाल: ४४५ विरुद्ध १४६, सात तटस्थ. फोटो काढणारी विमानं जाणार. ऑफिसातला जर्मन सहकारी म्हणाला, "फोटो बघून बॉम्ब टाकणारा दुसरा असला की आपले हात स्वच्छ." तो टाकणाऱ्यांच्या बाजूचा आहे की विरोधातला, ते मला अजून कळलेलं नाही.

उगीचच | ५ डिसेंबर २०१५, सकाळी ११:३०

आणि कॅनडाचे नवे पंतप्रधान आपली लढाऊ विमानं परत बोलावणार आहेत. एक निघतोय, एक शिरतोय, एक फोटो काढतोय. शेअर रिक्षा.

संपादक | ७ डिसेंबर २०१५, सकाळी १०:००

धर्मावरून चिखलफेक करणारे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा तसं झालं तर धागा वाचनमात्र करण्यात येईल.

लेस्टरची_माई | ६ जुलै २०१६, रात्री ९:१५

धागा वर काढते आहे. आज इराक युद्धाच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल आला. सात वर्षं लागली, बारा खंड, सव्वीस लाख शब्द. इराकमध्ये गेलेल्या १७९ ब्रिटिश सैनिकांच्या आईवडिलांना वाचायला दिला. शांततेचे मार्ग संपायच्या आत युद्धात उडी घेतली, असं म्हणतो. ते आम्ही तिघी कोचमध्ये बसून म्हणत होतो, फ्लास्कसकट.

चिंचपोकळी_लोकल | ६ जुलै २०१६, रात्री ९:५०

माई, २००३ बद्दल तुम्ही बरोबर होता. मी मानतो. पण इराकवरची चढाई आणि इसिसवरचे हल्ले एकाच तागडीत घालू नका, एवढंच.

कल्याण_जंक्शन | १८ ऑक्टोबर २०१७, सकाळी ८:४०

काल रक्का पडलं. कुर्द आणि अरबांच्या संयुक्त फौजेने घेतलं, वरून आघाडीची विमानं. इसिसची राजधानी गेली. जुलैत इराकमधलं मोसूलही त्यांच्या हातून गेलं. @माई, @काका, २०१५ मध्ये ज्यांनी "उपयोग होणार नाही" म्हटलं त्यांनी हेही नोंदवून ठेवावं.

लोहगावकर | १८ ऑक्टोबर २०१७, दुपारी १२:२०

नोंदवलं. मी चुकलो, कुर्द रक्कासाठी मरायला तयार झाले. सत्तर हजार मवाळ मात्र कुठे दिसले नाहीत, ते दुसऱ्यांनी नोंदवावं. आणि शहराचे आकाशातून काढलेले फोटो बघा. मी जन्मभर बॉम्ब लटकवले, तरी असं सलग मोडलेलं शहर पाहिलं नव्हतं.

सातासमुद्रापार | ३ मे २०१८, संध्याकाळी ७:००

काल इथल्या संरक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा मान्य केलं की त्यांच्या हल्ल्यात एक निरपराध नागरिक मेला. मार्चमध्ये, पूर्व सीरियात. ड्रोनने क्षेपणास्त्र सोडलं आणि शेवटच्या क्षणी एक मोटारसायकल मध्ये आली. इराक आणि सीरिया मिळून साडेतीन वर्षं हल्ले चाललेत. एक.

काका, हे तुम्हाला तांत्रिकदृष्ट्या शक्य वाटतं?

लोहगावकर | ३ मे २०१८, रात्री ८:३५

खुल्या वाळवंटात गाड्यांवर मारले तर फार कमी मरतील, हे शक्य आहे. मोसूलसारख्या दाट वस्तीत? तिथे गेल्या वर्षी अमेरिकनांचा एक बॉम्ब छतावरच्या दोन बंदूकधाऱ्यांवर पडला आणि खालच्या मजल्यांवर लपलेले शंभरावर लोक गेले. अमेरिकनांनी स्वतःच चौकशी करून आकडा दिला. मंत्रालय खोटं बोलतं असं मी म्हणणार नाही. वरून मोजलं की ढिगाऱ्याखालचं दिसत नाही, आणि खाली उतरून मोजायला माणूस पाठवायचा नाही हे ठरावातच होतं.

म्युनिककर_वहिनी | ३ मे २०१८, रात्री ९:०५

मला दुसरीच गोष्ट खटकली. १४ एप्रिलला ब्रिटनने अमेरिका-फ्रान्सबरोबर असदच्या ठिकाणांवर क्षेपणास्त्रं टाकली, तेव्हा मतदान झालंच नाही ना?

सातासमुद्रापार | ३ मे २०१८, रात्री ९:२०

नाही. संसदेला सुट्टी होती. सोमवारी येऊन पंतप्रधान मे बाईंनी निवेदन केलं. वहिनी, पंगतीची पद्धत मोडली आणि पोलीस आले नाहीत.

इराणी_मस्का | २७ फेब्रुवारी २०१९, सकाळी १०:१०

बालाकोटवर इथेच बोलायचं का?

संपादक | २७ फेब्रुवारी २०१९, सकाळी १०:१४

नाही. त्यासाठी स्वतंत्र धागा आहे. तिथे आत्ताच चारशे प्रतिसाद झालेत, कृपया तिकडेही जपून.

कल्याण_जंक्शन | २६ एप्रिल २०१९, रात्री १०:३०

मानवी हक्क संघटना अ‍ॅम्नेस्टी आणि हवाई हल्ल्यांतल्या नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या एअरवॉर्सने रक्कात घरोघरी फिरून मोजणी केली आहे. चार महिन्यांत आघाडीच्या हल्ल्यांत आणि तोफमाऱ्यात सोळाशेहून जास्त नागरिक गेले, असं म्हणतात. बहुतेक मारा अमेरिकेचा, पण ब्रिटिश आणि फ्रेंच विमानंही त्यात होती.

माझं मत बदललेलं नाही. इसिसला हटवायलाच हवं होतं. पण २०१७ मध्ये जो प्रतिसाद लिहिला त्यात एक ओळ कमी होती, ती आज लिहिली.

दर्यावर्दी_अलिबाग | १३ जानेवारी २०२४, पहाटे ४:५०

जुना धागा शोधून इथे लिहितोय, नवीन काढण्याएवढं नेट नाही. मी मर्चंट नेव्हीत आहे, तेलवाहू जहाजावर. गुरुवारी रात्री अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमध्ये हुती बंडखोरांवर हवाई हल्ले केले, हेच हुती तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा करतात. अक्रोटिरीवरूनच, म्हणे. वर लोहगावकर काकांनी लिहिलंय तोच तळ.

आमच्याकडून बघा. नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात शिरायचं म्हटलं की जहाजावर जेवण कमी जातं. जहाजाच्या ब्रिजवर दोन जण दुर्बीण घेऊन, ड्रोन येतोय का बघायला. ड्रोन रात्री दिसत नाही, आवाज येतो, स्कूटरसारखा. दिसला तरी आम्ही काय करणार? पाण्याचे पाइप आणि काटेरी तार चाच्यांसाठी असतात, ड्रोनसाठी नव्हे. २३ डिसेंबरला तर गुजरातच्या किनाऱ्याजवळ केम प्लुटो या जहाजावर आदळला. खलाशी बहुतेक भारतीय. जहाज नाताळच्या दिवशी मुंबईला आलं. आमच्या गावातल्या प्रत्येक घरात त्या दिवशी फोन वाजला.

त्यामुळे कुणीतरी त्या क्षेपणास्त्रांचे तळ फोडले म्हटल्यावर जहाजावर टाळ्या पडल्या. खोटं नाही बोलणार.

उगीचच | १३ जानेवारी २०२४, सकाळी ९:३०

जपून रे बाबा. भारत या आघाडीत गेलेला नाही ना?

दर्यावर्दी_अलिबाग | १३ जानेवारी २०२४, सकाळी ११:१५

नाही. आपल्या नौदलाने स्वतःच्या युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे लावल्या आहेत, कुणाच्या झेंड्याखाली नाही. बॉम्ब टाकत नाहीत, पण रेडिओवर हिंदीतून आवाज आला की बरं वाटतं. आता कंपनीने आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालायला सांगितलंय. दहा-बारा दिवस जास्त. मुलीचा वाढदिवस गेला.

दर्यावर्दी_अलिबाग | २८ जानेवारी २०२४, रात्री १:०५

परवा मार्लिन लुआंडा या जहाजावर क्षेपणास्त्र बसलं. नॅफ्था भरलेलं, २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमची माणसं फोम घेऊन चढली आणि जहाजाच्या पोरांबरोबर आग विझवली. सगळे वाचले. तळ फोडून दोन आठवडे झाले होते. टाळ्या परत घेतो असं म्हणत नाही, पण यावेळी जहाजावर कुणी काही बोललं नाही.

लोहगावकर | २८ जानेवारी २०२४, सकाळी ८:००

पोरा, सुखरूप घरी ये. ट्रकवर ठेवून डागायचं क्षेपणास्त्र डोंगरातल्या गुहेत लपवता येतं. सौदीने २०१५ पासून कित्येक वर्षं येमेनवर बॉम्ब टाकले, हुती तिथेच आहेत.

म्युनिककर_वहिनी | २८ जानेवारी २०२४, सकाळी ९:४५

@सातासमुद्रापार, यावेळी तुमच्याकडे मतदान?

सातासमुद्रापार | २८ जानेवारी २०२४, दुपारी २:१०

कसलं मतदान वहिनी. पंतप्रधान सुनक यांनी हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी विरोधी पक्षनेते स्टार्मर आणि सभापतींना फोनवर सांगितलं, सभागृहाला सोमवारी. स्टार्मरनी पाठिंबा दिला. हेच स्टार्मर २०२० मध्ये पक्षनेतेपदासाठी उभे होते तेव्हा म्हणत होते की कॉमन्स सभागृहाच्या संमतीशिवाय लष्करी कारवाई करता येऊ नये असा कायदा आणू.

२०१५ ला मी हरलो होतो, पण साडेदहा तास प्रत्येकाला उभं राहून सांगावं लागलं होतं, का. तो सत्तर हजारांचा आकडासुद्धा म्हणूनच उघडा पडला. मोठ्याने सांगावाच लागला नसता तर ज्युलियन लुईस चिरफाड कशाची करणार होते?

चिंचपोकळी_लोकल | २८ जानेवारी २०२४, दुपारी ३:००

तेव्हा मी "विचारायचं काय त्यात" असं लिहिलं होतं. वर जाऊन वाचलं आत्ता. बाजू माझी अजून तीच आहे, पण ते वाक्य मागे घेतो.

सातासमुद्रापार | १ मे २०२५, सकाळी ७:३०

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. मंगळवारी रात्री ब्रिटिश टायफून विमानांनी अमेरिकेबरोबर पुन्हा येमेनवर हल्ला केला, सानाच्या दक्षिणेला, ड्रोन बनवायच्या इमारतींवर. आता पंतप्रधान स्टार्मरच आहेत. आधी मतदान नाही, दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्र्यांचं निवेदन.

कारवाई बरोबर की चूक, यावर @दर्यावर्दीचा शब्द माझ्यापेक्षा जड. मी फक्त खासदारांना पुन्हा लिहिलंय. त्या कायद्याचं काय झालं, एवढंच विचारलं. आता खासदार वेगळे, पक्ष वेगळा, पासपोर्टही वेगळा.

उगीचच | १ मे २०२५, सकाळी ८:०५

मतच घेत नाहीत तर लिहून काय होतं? उगीचच विचारतोय.

सातासमुद्रापार | १ मे २०२५, सकाळी ८:११

पोचपावती येते.